रक्त तापतं तेव्हा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की राजकारणावरून तुमच्या घरात, गल्लीत, मित्रांत शेवटचं कधी बिनसलं ते लिहून पाठवा. एवढी पत्रं आणि मेल आले की दोन दिवस मी नुसती वाचतच बसले. त्यातले सहा प्रश्न इथे घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंतीच केलीय.

प्रश्न (नाशिक) : मॅडम, आमच्या भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 84 जण. बारशापासून दहाव्यापर्यंत सगळं त्यावरच कळतं. निवडणुकीत चुलत भावाने एका नेत्याबद्दल मेसेज टाकला, मी उलट उत्तर दिलं, तो म्हणाला तू विकला गेलास, मी ग्रुप सोडला. यंदा जत्रेला गावी गेलो तर तो समोरून तोंड फिरवून गेला. त्याला सायकल मी शिकवलीय. ते दोन्ही नेते आम्हाला ओळखत पण नाहीत. मग हे एवढं कसं काय झालं?

दादा, सायकलचं वाक्य वाचलं आणि जरा वेळ कागद खालीच ठेवला मी. तुम्हाला दोघांनाही वाटतंय की भांडण मुद्द्यावरून झालं, मला तसं नाही वाटत.

हेन्री ताजफेल म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, पोलंडमधला ज्यू, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता आणि सुटून आला तेव्हा घरचं जवळजवळ कुणी उरलंच नव्हतं. माणसं गट करून एकमेकांशी अशी का वागतात हे शोधण्यात त्याचं पुढचं आयुष्य गेलं. 1970 च्या आसपास त्याने इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी पोरांना घेऊन एक प्रयोग केला, चौदा-पंधरा वर्षांची पोरं, एकमेकांना ओळखणारी. पडद्यावर ठिपके दाखवायचे, किती आहेत ते अंदाजाने सांगा म्हणायचं, आणि मग प्रत्येकाला सांगायचं की तू जास्त मोजणाऱ्यांतला किंवा तू कमी मोजणाऱ्यांतला. ही वाटणीसुद्धा खरी नव्हतीच, कुणाला पण कुठे पण टाकलं होतं. मग म्हणाले आता बाकीच्यांना पैसे वाटा, स्वतःला काही मिळणार नाही, आणि समोरचा कोण तेही कळणार नाही, फक्त त्याचा नंबर आणि गट. तरी पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आणि मला आजही टोचतं ते हे की पुढच्या प्रयोगात, चित्रांच्या आवडीवरून असेच गट पाडले तेव्हा, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्या गटाशी फरक जास्त राहिला पाहिजे असा हिशोब बऱ्याच पोरांनी केला. कशावरून, तर ठिपक्यांवरून आणि चित्रांवरून!

तुमच्याकडे तर ठिपके नव्हते, झेंडा होता, रंग होता, गावातल्या जुन्या दोन-चार गोष्टी होत्या, आणि 84 जण बघत होते. एकदा 'आपण' आणि 'ते' झालं की नेत्यावरची टीका नेत्याला लागत नाही, ती आपल्या कानशिलात लागते. भाऊ तुम्हाला विकला गेलास म्हणाला तेव्हा तो तुमच्याशी बोलतच नव्हता, त्याच्या बाजूच्या वीसेक जणांना दाखवत होता की बघा मी कसा ठाम आहे. आणि दादा, स्पष्ट लिहिते, तुम्हीही ग्रुपवरच उत्तर दिलंत, फोन नाही केलात.

आता करायचं काय. 1954 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने उन्हाळी शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या 22 पोरांचे दोन गट पाडले, मॅचेस लावल्या, आणि थोड्याच दिवसांत पोरं एकमेकांचे झेंडे जाळायला लागली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, काही उपयोग नाही, उलट अन्न एकमेकांच्या अंगावर फेकलं. फरक पडला तो शिबिराचं पाणी बंद पडलं तेव्हा, टाकीपासून पाइपलाइन सगळ्यांनी मिळून तपासली. नंतर जेवण आणणारा ट्रक बंद पडला तर ज्या दोरीने आधी रस्सीखेच खेळले होते तीच दोरी ट्रकला बांधून दोन्ही गटांनी ओढला. (पाणी काय, ट्रक काय, शेरीफच्या माणसांनीच मुद्दाम बंद पाडले होते, पण पोरांना ते माहीत नव्हतं.) तेव्हा माफी माग, मी माफ करतो, असल्या बोलण्याने तुमचं जुळेल असं मला वाटत नाही. देवळाचा पत्रा असेल, विहिरीची मोटार असेल, कुणाच्या ॲडमिशनचं काम असेल, असं काहीतरी शोधा जे तुमच्या एकट्याने होत नाही आणि त्याच्या एकट्याने पण होत नाही. मग त्याला सरळ फोन लावा, आणि बोलणं फक्त त्या कामाचं करा.

प्रश्न (पुणे, कॉलेज विद्यार्थिनी) : मैत्रिणींबरोबर एका सभेला गेले होते. त्या पक्षाचं मला फारसं पटत नाही, पण हजारो लोक एकदम घोषणा द्यायला लागले तर अंगावर काटा आला, डोळ्यात पाणी आलं आणि मी पण ओरडले. घरी आल्यावर स्वतःचीच भीती वाटली. मी एवढी कच्ची आहे का?

अजिबात नाही गं. तुझ्या वयाची असताना वारीत रिंगण बघून मी अशीच रडले होते, आणि तेव्हा माझा देवावर विश्वास आहे की नाही हे मलाच ठरवता येत नव्हतं. एमिल दुर्खेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1912 मध्येच लिहून ठेवलंय की माणसं एका जागी जमून एकच हालचाल, एकच आवाज करायला लागली की त्यांच्यात एक भारलेपण तयार होतं जे एकेकट्यात नसतं, आणि त्या भारलेपणातूनच गट स्वतःला गट म्हणून ओळखायला लागतो. म्हणजे आधी समाज आणि मग त्याच्या भावना असं नसतं. बऱ्याचदा एकत्र जमल्यावर जे वाटतं त्यातूनच समाज उभा राहतो. टिळकांनी 1893 पासून घरातला गणपती चौकात आणायला जोर लावला तो हे ओळखूनच, सभेला परवानगी लागते, आरतीला कोण अडवणार.

माझे वडील परळच्या चाळीत वाढले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना शाहीर अमर शेख डफ घेऊन उभे राहायचे, माईक असो नसो आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायचा, आणि वडील सांगायचे की त्या वेळी शेजारचा माणूस कम्युनिस्ट आहे का समाजवादी, कुठल्या जातीचा, हे डोक्यातच यायचं नाही. एरवी तोंड न बघणारे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र होते. 106 माणसं गेली त्या लढ्यात. एवढा राग साचलेला असताना 30 नोव्हेंबर 1957 ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, समितीने काळे झेंडे घेऊन प्रचंड निदर्शनं केली, आणि ती शांततेत झाली पाहिजेत यावर समितीचे नेते एस. एम. जोशी यांचा कटाक्ष होता. तशीच झाली. वडील वाईच्या बाजूला उभे होते, म्हणायचे की हात शिवशिवत होते पण शेजारचा शांत म्हणून मी शांत. शांतता पण अशी लागण होऊन पसरते बघ, घोषणेसारखीच.

तर काटा आला याची भीती नको बाळगूस. सभेत कुठलाच निर्णय घेऊ नकोस एवढंच. दोन दिवस जाऊ दे, मग भाषणात नेमकं काय सांगितलं होतं ते आठवून एका कागदावर लिही. चार वाक्यं आठवली तर ती तपास, एकही आठवलं नाही तर ते पण तुला बरंच काही सांगून जाईल.

प्रश्न (जळगाव) : मुलांच्या शाळेच्या पालक ग्रुपवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला, मी घाबरून माहेरच्या, सोसायटीच्या, सगळ्या ग्रुपवर टाकला. नंतर कळलं खोटा होता. मी स्वतः पदवीधर आहे. असं कसं केलं मी?

ताई, तुम्ही ते आईच्या काळजाने केलंत. पण पुढचं मी जरा सविस्तर लिहिणार आहे, रागावू नका.

1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. भिक्षा मागत गावोगाव फिरणारा समाज आहे हा, पिढ्यान्पिढ्या. त्या आधीचे कित्येक दिवस सगळीकडे मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणून कुणालातरी संशय आला, आरडाओरडा झाला, लोक जमले. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडून मारलं. जिवे मारलं. ग्रामपंचायत ऑफिस, ताई, जिथे आपण दाखले काढायला जातो. आणि मारणारे सराईत गुंड होते अशातला भाग नाही, बाजाराला आलेली माणसं होती, त्यातल्या पुष्कळांना तुमच्यासारखीच घरी लहान पोरं असणार. त्याच सुमारास मालेगावात पण जमावाने असंच एका कुटुंबाला घेरलं होतं, बरोबर लहान मूल होतं, तिथे पोलिस मध्ये पडले म्हणून ती माणसं वाचली.

मी मुद्दाम 'भीती' आणि 'राग' वेगळे लिहिते कारण दोन्ही एकसारखं काम करत नाहीत. एकट्या माणसाला भीती वाटली तर तो सहसा चौकशी करतो, खरं आहे का, कुठे झालं, कोण म्हणालं. राजकारणातल्या भावनांचा अभ्यास करणारे जॉर्ज मार्कस वगैरे लोक हेच सांगतात, की काळजीत पडलेला मतदार माहिती शोधायला लागतो आणि चिडलेला मतदार शोधायचं थांबवतो, त्याला सगळं आधीच माहीत झालेलं असतं. घात होतो तो भीतीचा राग होतो तिथे, आणि त्याला फक्त एक बोट दाखवावं लागतं, 'हाच तो'. आणि बोट नेहमी अशाच माणसाकडे जातं ज्याला त्या गावात ओळखणारं कुणी नसतं. भटक्या समाजातल्या माणसाच्या बाजूने तिथे कोण बोलणार होतं?

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये ट्विटरवरच्या सुमारे 1,26,000 बातम्या तपासल्या होत्या, खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा लांब आणि भरभर पसरल्या, आणि पसरवणारी बहुतेक हाडामासाची माणसंच होती. खोट्या बातमीखाली लोकांच्या ज्या प्रतिक्रिया होत्या त्यात आश्चर्य, भीती, किळस जास्त. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. मर्यादा चांगलीच होती, पण पाच ग्रुप म्हणजे तेव्हाही हजार माणसं सहज व्हायची.

आता तुमच्यासाठी काम. ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकलात त्या प्रत्येक ग्रुपवर लिहा, 'मी पाठवला होता, खोटा निघाला, माझं चुकलं.' नुसता डिलीट करून गप्प बसू नका, कारण ज्यांनी वाचला त्यांच्या मनात तो अजून तसाच आहे.

प्रश्न (ठाणे) : अडाणी लोक भावनेवर मत देतात आणि शिकलेले विचार करून, हे खरं ना?

नाही. कांदा महागला म्हणून 1998 मध्ये दिल्लीच्या बायाबापड्यांनी सरकार बदलायला हातभार लावला, त्यात राग पण होता आणि पिशवीतला हिशोब पण. उलट शिक्षणाने कधीकधी एवढंच होतं की मनाने आधीच जे ठरवलंय त्याला चांगली कारणं सुचतात. आणि भावना काढून टाकल्या तर विचार सुधारतो हेही खरं नाही बरं का. अँतोनियो दामासिओ या न्यूरॉलॉजिस्टकडे एक पेशंट होता, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली, बुद्धी शाबूत पण भावना जवळजवळ नाहीतच. पुढच्या अपॉइंटमेंटला दोनातली कुठली तारीख घ्यायची यावर तो जवळपास अर्धा तास फायदे-तोटे मांडत बसला, ठरवता येईना. डॉक्टरांनी एक तारीख सांगितली तर 'चालेल' म्हणून उठून गेला. काहीतरी आतून वाटल्याशिवाय निवड होतच नाही, मतदानाचं बटण तर सोडूनच द्या.

प्रश्न (बीड) : आमच्या वस्तीवर काही झालं आणि आम्ही आवाज उठवला की लोक म्हणतात तुम्ही लोक फार भावनिक होता, जरा शांतपणे घ्या. मॅडम, शांतपणे घेतलं की कुणी विचारत नाही आणि चिडलो की बदनाम होतो. मग नक्की कसं वागायचं?

भाऊ, 'शांतपणे घ्या' हे नेहमी ज्याला लागलंय त्यालाच सांगितलं जातं, ज्याने लावलं त्याला नाही, हा माझाही अनुभव आहे. तुमचा राग बरोबर आहे. या प्रश्नाला माझ्याजवळ एकच उत्तर आहे आणि ते महाडचं आहे, तुम्हाला ठाऊकच असणार, पण मला त्यातल्या दोन जागा परत दाखवायच्यात.

20 मार्च 1927. बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली. तळं सगळ्यांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव 1924 चाच होता, कागदावर. लोक परत मंडपाकडे आले, जेवणं चाललेली. तेवढ्यात गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. झालं. लाठ्या घेऊन जमाव आला, जेवत्या माणसांना मारलं, वाटेत एकटी-दुकटी सापडतील त्यांना मारलं. म्हणजे इथेही अफवा, इथेही भीतीचा राग, राईनपाड्यासारखाच. आणि मार खाणाऱ्यांत सैन्यात राहून आलेली माणसं होती, संख्या होती, उलटून मारणं त्यांना जड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. मागून त्या तळ्याचं 108 घागरी पंचगव्य वगैरे ओतून शुद्धीकरण केलं गेलं, हा अपमान वेगळाच.

ही पहिली जागा. दुसरी डिसेंबरची. परत परिषद भरली, 25 तारखेला मनुस्मृती जाळली, आणि परत तळ्यावर जायचं म्हणून लोकांनी जेलच्या तयारीने नावं नोंदवली. पण तळं खासगी आहे असा दावा लावून काही जणांनी कोर्टाकडून मनाई आणली होती. एवढं पेटलेलं असताना, सगळे तयार असताना, बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलला आणि केस लढवली. 1937 मध्ये हायकोर्टाचा निकाल लागला, तळं सार्वजनिक. दहा वर्षं!

भाऊ, दहा वर्षं राग धरून ठेवणं किती अवघड असतं ते तुम्ही मला सांगू शकाल, मी तुम्हाला नाही. भडका दोन तासांत विझतो आणि मग पोलिसात नावं पोरांची जातात. इथे तो राग ठरावात गेला, भाषणांत गेला, कोर्टाच्या तारखांत गेला, आणि दरवर्षी 20 मार्चला महाडला जाणाऱ्या माणसांत तो अजून आहे. तुम्ही पण आधी कागद करा, तारीख, वेळ, कोण होतं, अर्जाची पोच, सगळ्यांच्या सह्या. मोर्चा काढायचा तर काढाच, पण स्वयंसेवक तुमचेच असू द्यात आणि पोरांना आदल्या दिवशी बसवून सांगा की अफवा येणारच, आली की कुणाला विचारायचं. आणि कुणी भावनिक म्हणालं तर म्हणा हो, आहोत, आणि अर्जाचा नंबर हा घ्या.

प्रश्न (म्हापसा) : आमचे आजोबा कट्टर विलीनीकरणवाले होते, गोवा महाराष्ट्रात गेला पाहिजे म्हणायचे. आजीने मात्र जनमत कौलात विरोधात मत दिलं. घरात मराठी पोथ्या, बोलायला कोंकणी, आणि दोघांनी मत पुढे भाऊसाहेब बांदोडकरांनाच दिलं. याचा अर्थच लागत नाही.

किती छान घर! 16 जानेवारी 1967 चा तो कौल, विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं अशी चिन्हं होती. फुलाला 1,38,170 मतं पडली, पानांना 1,72,191, फरक 34,021 चा. म्हणजे तुमच्या घरासारखी घरं बरीच असणार. बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, त्यांचा पक्ष विलीनीकरणवाला, कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. कौल त्यांच्या विरोधात गेला, आणि दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत लोकांनी परत त्यांनाच निवडून दिलं.

आजीला मराठीबद्दल आपुलकी नव्हती असं नाही, पोथी वाचतच होत्या ना. पण आपलं छोटं गाव मोठ्या राज्यात विरघळून जाईल ही भीती पण खरी होती, आणि कुळांच्या, बहुजनांच्या बाजूने भाऊसाहेब उभे राहिले हा जिव्हाळा पण खरा होता. एकाच माणसात तिन्ही होत्या. गडबड होते ती बाहेरून कुणीतरी सांगतं तेव्हा, की यातली एकच भावना तुझी खरी, बाकीच्या सोडून दे. तुमच्या आजीने तसं कुणाचं ऐकलेलं दिसत नाही.

आजी असतील तर त्यांना माझ्या वतीने एक विचाराल का? त्या दिवशी दोघं मतदानाला बरोबर गेले होते का, आणि येताना वाटेत काय बोलणं झालं. पत्र आलं तर पुढच्या अंकात छापते.